भोकं जुळली म्हणजे बसलं असं नाही: नंतरच्या अ‍ॅम्बॅसेडर इंजिनावर जुना एक्झॉस्ट मॅनिफोल्ड

आमच्या मार्क टू अ‍ॅम्बॅसेडरचं मूळ इंजिन कणकुंबीच्या पुढे, चोर्ला घाटात, पाणी संपून तापलं आणि ब्लॉकला चीर गेली. वडिलांची गाडी, त्यामुळे भंगारात घालायचा प्रश्नच नव्हता. कोल्हापूरच्या जुन्या बाजारातून मार्क फोरचं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन आणलं. इंजिन बरं निघालं, पण त्याच्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डला (सिलिंडरांचा धूर गोळा करून सायलेन्सरकडे नेणारा फांद्यांचा ओतीव तुकडा) मधल्या फांदीखाली चीर होती आणि खालचं तोंड आमच्या सायलेन्सर पाइपला दोन बोटं चुकत होतं. आमचा जुना मॅनिफोल्ड मात्र धडधाकट. गॅरेजवाल्यानं तो नव्या इंजिनाच्या हेडवर, म्हणजे सिलिंडरांवरच्या झाकणावर, धरून बघितला आणि म्हणाला, "बसतंय की ओ, सगळी भोकं जुळत्यात."

जुळत होती, त्यात खोटं काही नव्हतं. तिसऱ्या दिवशी वंटमुरीचा घाट उतरताना अ‍ॅक्सिलरेटर सोडला की मागून पटपट फटाके. घरी येऊन बॉनेट उघडलं तर इनलेटचा, म्हणजे सिलिंडरांकडे हवा-पेट्रोल नेणाऱ्या मॅनिफोल्डचा, एक कान मोडून वॉशरखाली अडकलेला. (हेडमधून जे आटेदार स्टड बाहेर येतात, ज्यांवर नट चढतो, त्यांच्यासाठी मॅनिफोल्डच्या पट्टीला जे बाहेर आलेले भाग असतात, त्यांना आमच्याकडे कान म्हणतात.) मी आयुष्यभर बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत ओतकामाचे फेस, म्हणजे जोडाला टेकणारी सपाट तोंडं, मशीन केले, आणि माझ्याच गाडीचा कान दुसऱ्याच्या शब्दावर मोडून घेतला. पुढचं काम मग स्वतः केलं. ते कसं केलं, ते सविस्तर लिहितो.

कुठल्या इंजिनाची गोष्ट चाललीय

१९५८ च्या पहिल्या अ‍ॅम्बॅसेडरला साइड-व्हॉल्व्ह इंजिन होतं. १९५९ पासून बीएमसीचं (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) बी-सिरीज, १४८९ सीसीचं ओव्हरहेड-व्हॉल्व्ह इंजिन आलं आणि मार्क टू, थ्री, फोर अशा पेट्रोल गाड्यांत तेच घराणं चालत राहिलं. हा लेख त्याच घराण्यापुरता आहे. नव्वदीत आलेलं १.८ लिटरचं आयसुझू इंजिन वेगळ्या जातीचं आहे, त्यावर जुना मॅनिफोल्ड लावायचा विचारही करू नका. डिझेलवाल्यांनीही इथेच थांबावं.

या इंजिनात इनलेट आणि एक्झॉस्ट दोन्ही हेडच्या डाव्या अंगाला, एकाच रांगेत आहेत. प्लग उजवीकडे. सिलिंडर चार असले तरी तोंडं पाचच: इनलेटची दोन, एक्झॉस्टची तीन. पहिला-दुसरा सिलिंडर एका इनलेट तोंडातून श्वास घेतात, तिसरा-चौथा दुसऱ्यातून. एक्झॉस्टला पहिला आणि चौथा आपापल्या तोंडातून धूर सोडतात, आणि दुसरा-तिसरा मिळून मधल्या तोंडातून. म्हणजे मधल्या तोंडाला दुप्पट काम. फायरिंग ऑर्डर १-३-४-२ असल्यामुळे तिथे दर फेरीला एकदा आग येतेच, गार व्हायला उसंत नाही. जोडात बसणारं पॅकिंग (गॅस्केट) जळतं ते आधी तिथेच, आणि चीर बघायची तीही आधी तिथेच.

आता खरी मेख. इनलेट आणि एक्झॉस्ट हे दोन वेगळे तुकडे असतील, तर मधल्या काही स्टडवर एकच जाड, मोठा वॉशर दोघांच्या कानांवर मिळून बसतो. एक नट, दोन कान. दोन्ही कान सारख्या जाडीचे असतील तरच वॉशर सपाट बसणार. एक दीड मिलिमीटरनं जाड निघाला की वॉशर तिरका होतो, पातळ कानाच्या टोकावर टेकतो, आणि नट आवळत गेलात की एक तर कान मोडतो, नाही तर स्टड वाकतो. भोकं जुळणं आणि जाडी जुळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि गॅरेजात फक्त पहिली बघतात.

माझ्या बाबतीत जुना एक्झॉस्ट आणि नंतरचा इनलेट अशी मिश्र जोडी झाली होती. जुना इनलेट त्या गॅरेजमधून कुठे गेला, देव जाणे. तुमच्याकडे जुन्या गाडीची जोडीच्या जोडी शाबूत असेल तर सरळ तीच लावा, निम्मा लेख वाचायची गरज नाही. मी ही मिश्र जोडी ठेवली कारण कार्ब्युरेटर आणि त्याच्या दांड्या नंतरच्या इनलेटवर बसलेल्या होत्या.

काढताना

बॅटरीची तार काढा, इंजिन पूर्ण गार होऊ द्या. आदल्या रात्री सगळ्या नटांवर डिझेल किंवा गंज सोडवणारं तेल मारून ठेवा, सकाळी परत एकदा. माझ्या हेडवरचे स्टड अडीच सुती, म्हणजे ५/१६ इंच, आणि त्यांच्या नटांना अर्ध्या इंचाचा, चार सुती पाना लागला. तेरा नंबरचा मिलिमीटर पाना ढिला बसतो आणि कडा गोल करतो. रिंग पाना किंवा बॉक्स घ्या, उघड्या तोंडाचा पाना इथे वैरी.

नट फिरेना तर जोर लावत बसू नका. थोडं आवळायच्या दिशेला, मग सोडायच्या, असं एक-दोनदा करा. तरी ऐकत नसेल तर गॅसची ज्योत फक्त नटावर धरा, आणि आधी पेट्रोलचा पाइप काढून, त्याचं तोंड बंद करून ठेवा. एवढ्या कामात गाडी पेटवलेला माणूस मी पाहिलाय. तापल्यावर मेणबत्ती आट्यांना टेकवली की मेण आत ओढलं जातं. ही जुन्या मिस्त्र्यांची युक्ती आहे आणि महागड्या स्प्रेपेक्षा मला तिचा जास्त भरवसा वाटतो.

स्टड हेडला घासून तुटला तर उरलेल्या बुडावर एक नट ठेवून त्याच्या भोकातून वेल्डिंग भरा. वेल्डिंगच्या उष्णतेनं बूड सैल होतं, आणि नट लालसर गार होत असतानाच हळू फिरवला की बहुतेक वेळा निघतं. ड्रिल मारणं शेवटचा उपाय, आणि तोही बरोबर मध्यावर पंच मारून.

जुनं पॅकिंग कोरडं खरवडू नका. जुन्या पॅकिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असतो आणि त्याची धूळ फुप्फुसात बसली की निघत नाही. पाणी मारून भिजवा, ओलं असतानाच पितळी पट्टीनं काढा, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून टाका. कंप्रेसरनं फुंकायचं नाही, पॉलिश मशीनही लावायचं नाही.

मॅनिफोल्ड निघाल्यावर त्याच्या मागे ब्लॉकवर दोन पत्र्याची झाकणं दिसतील, टॅपेटची. ती तेल गाळत असतीलच. एरवी तिथे हात जात नाही, म्हणून आत्ताच त्यांची पॅकिंगं बदला. माझ्या झाकणाखालचं तेल गरम मॅनिफोल्डखाली जळत होतं आणि मी वासाचा दोष पेट्रोलला देत होतो.

जुना मॅनिफोल्ड लावण्याजोगा आहे का

मॅनिफोल्ड बीडाचा असतो. (बीड म्हणजे जिल्हा नव्हे, ओतीव लोखंड. पुण्याच्या पाहुण्याला हे समजावून सांगावं लागलं.) तारेच्या ब्रशनं घासून घ्या, दोरीनं टांगा आणि लहान हातोडीनं हळू टिचकी मारा. चांगलं बीड घंटेसारखं वाजतं. चीर असेल तर आवाज बद्द येतो, फुटक्या मडक्यासारखा. संशय असेल तिथे रॉकेल लावा, पुसून कोरडं करा, वर खडूची पूड चोळा. चिरेत मुरलेलं रॉकेल खडूवर काळी रेघ होऊन उमटतं.

लहान चीर वेल्डिंगनं भरता येते, पण घाईचं काम नाही. चिरेच्या दोन्ही टोकांना लहान भोक पाडा म्हणजे ती पुढे पळत नाही. मॅनिफोल्ड आधी सगळाच तापवून घ्यायचा, निकेल रॉडनं थोडं थोडं भरायचं, प्रत्येक टाक्यानंतर हातोडीनं हलकं ठोकायचं आणि मग राखेत पुरून रात्रभर गार होऊ द्यायचं. आमच्याकडे गुऱ्हाळाची राख पोत्यानं मिळते, तिच्यासारखं दुसरं काही नाही. पितळी ब्रेझिंग एक्झॉस्टला नको. मधलं तोंड घाटात लाल होतं, तिथे ते टिकत नाही.

फेस आणि जाडी: इथे वेळ घाला

आधी स्ट्रेट एज (सरळ कडेची पट्टी) आणि फिलर गेज (फट मोजायची पातळ पानं). पट्टी फेसवर लांबीनं, मग तिरकी धरा आणि प्रत्येक तोंडाशी फिलर घालून बघा. ०.१० मिलिमीटरचं पान जात नसेल तर फेस चांगला. ०.१५ च्या वर गेलं तर मशीन करा. माझ्या एक्झॉस्टच्या दोन्ही टोकांना ०.४० जात होतं. वर्षानुवर्षं तापून-निवून बीड केळ्यासारखं वाकतं, त्यात नवल नाही. हेडचा फेसही असाच तपासायला विसरू नका.

दोन तुकडे वेगवेगळे मशीन करू नका. सगळे वेगवेगळेच करतात, आणि मग प्रत्येक तुकडा सपाट असूनही दोघं मिळून एका पातळीत येत नाहीत. तुमच्या जोडीत इनलेट आणि एक्झॉस्ट मधल्या हॉट स्पॉटवर (एक्झॉस्टच्या उष्णतेनं इनलेट तापतो ती जागा) बोल्टनं जोडलेले असतील तर असं करा: दोन्ही हेडवर जुन्या पॅकिंगसकट बोटानं आवळा, मग हॉट स्पॉटचे बोल्ट आवळा, आणि ही जोडी तशीच अखंड खाली काढा. जोडलेल्या अवस्थेतच फेसिंग करा. जोड नसेल तर दहा-बारा मिलिमीटर जाडीच्या प्लेटवर दोन्ही तुकडे मागून क्लॅम्प करून एका सेटिंगमध्ये फेस मारा. अखंड एकाच ओतकामातली जोडी असेल तर ही भानगडच नाही.

उद्यमबाग असो, मच्छे असो की पलीकडे शिरोली, फेसिंग करून देणारी मशीन शॉप्स गल्लोगल्ली आहेत. फक्त सांगताना "साफ होईपर्यंतच" असं सांगा. आमच्या शॉपमधला ऑपरेटर कन्नड बोलणारा, मी मराठी, आणि आम्हा दोघांची मशीनवरची भाषा म्हणजे बोटं आणि "साकु", म्हणजे कन्नडात "पुरे". पहिला कट ०.१५ चा घेतला तेव्हा मधे चमक आली, टोकं काळीच. दुसरा ०.१५ चा. तिसऱ्या ०.१० ला टोकांवरचा शेवटचा काळा ठिपका पुसला गेला आणि दोघांच्या तोंडून एकदमच "साकु" निघालं. आणखी एक कट मारून आरशासारखं करायचा मोह होतो, पण करू नये. बीड एकदा काढलं की परत येत नाही, आणि पॅकिंगला थोडा खरखरीत फेसच धरायला बरा.

फेसिंग झाल्यावर जाडी मोजा, आधी नाही. व्हर्नियर घेऊन दोघांनी मिळून वापरायच्या प्रत्येक स्टडपाशी इनलेटचा कान आणि एक्झॉस्टचा कान मोजा, आणि खडूनं कानावरच आकडा लिहा. माझे आकडे असे होते: एक्झॉस्ट १४.१, १४.०, १४.२, इनलेट तिन्हीकडे १२.५ च्या आसपास. फरक दीड ते पावणेदोन मिलिमीटर. मोडलेल्या कानाचं उत्तर त्या खडूच्या आकड्यांत होतं.

फरक ०.२ च्या आत असेल तर सोडून द्या, जाड वॉशर तेवढं सांभाळून घेतो. त्याहून जास्त असेल तर दोन रस्ते आहेत. जाड कान नटाच्या बाजूनं, वॉशरच्या रुंदीपुरता मशीन करून पातळ्याइतका करायचा, हा एक. फरक एक मिलिमीटरपर्यंत असेल तर तो बरा. त्यापुढे जुनं बीड खायला माझं मन होत नाही, म्हणून मी दुसरा धरला: पायरीचा वॉशर. सहा-आठ मिलिमीटर जाडीच्या माइल्ड स्टीलचा गोल वॉशर लेथवर कापायचा आणि मग त्याचा अर्धा भाग मिलिंगवर, नाही तर चक्क कानशीनं, फरकाइतका खाली घ्यायचा. जाड अर्धा पातळ कानावर, खाली घेतलेला अर्धा जाड कानावर. प्रत्येक स्टडचा फरक वेगळा, म्हणून प्रत्येक वॉशर वेगळा, आणि त्यावर पंचनं नंबर मारा. वॉशर फिरला तर सगळं मुसळ केरात, म्हणून नट आवळताना तो चिमट्यानं धरा.

पातळ कानावर अर्धी चकती कापून ठेवणं, पत्र्याचे तुकडे घालणं, दोन पॅकिंगं लावणं हे सगळे प्रकार मी पाहिले आहेत. पहिल्या शंभर किलोमीटरपर्यंत छान चालतात.

मोडलेला कान? इनलेट दुसरा मिळवला, गडहिंग्लजच्या एका भंगारवाल्याकडून. वेल्डिंग करून घेतलेला कान नटाखाली मला नको होता.

तोंडं जुळवणं

नवं पॅकिंग हेडच्या स्टडवर चढवा आणि बघा, पॅकिंगची कड कुठल्या तोंडात डोकावत नाही ना. डोकावणारी कड जळून तुटते. मग कपड्याची नीळ पावडर ग्रीसमध्ये कालवून हेडच्या तोंडांभोवती पातळ लावा, पॅकिंग न घालता मॅनिफोल्ड टेकवून दाबा आणि काढा. निळी खूण सांगते की कुठे फेस टेकतोय आणि तोंडांच्या कडा किती चुकतात.

एक्झॉस्टला नियम असा: मॅनिफोल्डचं तोंड हेडच्या तोंडापेक्षा किंचित मोठं चालेल, लहान नको. बाहेर पडणाऱ्या धुराला पायरी आडवी आली की तिथे तो आपटतो. इनलेटला उलट: हवा मॅनिफोल्डकडून हेडकडे जाते, म्हणून मॅनिफोल्डचं तोंड किंचित लहान चालेल. आडवी येणारी कड फिरत्या दगडानं उतरवा, पण फेसपासून आत सात-आठ मिलिमीटरच. पूर्ण पोर्ट घासून रेसची गाडी करायला बसू नका, पॅकिंगला टेकायला जागा उरली पाहिजे.

स्टड, नट आणि पॅकिंग

स्टड सगळे नवे घ्या, एकदा तापलेल्या स्टडवर काटकसर करायची नाही. हेडमध्ये जाणारं टोक जाड आट्यांचं, इंचाला १८, आणि नटाचं टोक बारीक आट्यांचं, इंचाला २४. दुकानदार हमखास आठ मिलिमीटरचा नट काढून देतो. ५/१६ म्हणजे ७.९४ मिलिमीटर, त्यामुळे तो नट दोन आटे गोडीनं चढतो आणि मग अडकतो. तिथे पाना लावलात की आटे गेले. बोटानं शेवटपर्यंत फिरला तोच नट खरा.

हेडमधले आटे टॅप मारून साफ करा. स्टड तळाला टेकेपर्यंत पिळायचे नाहीत. दोन नट एकमेकांवर आवळून बसवा आणि बेतानं थांबा. नट पितळी मिळाले तर उत्तम, ते गंजून धरत नाहीत आणि पुढच्या वेळी शिव्या वाचतात. आट्यांना तांब्याचं ग्रीस. स्प्रिंग वॉशर घालू नका, एक्झॉस्टच्या उष्णतेनं त्यांचा ताव उतरतो आणि मग ते नुसते फाटके वॉशर होतात.

पॅकिंग कोरडं. शेलॅक नको, लाल सिलिकॉन नको. सिलिकॉन या उष्णतेला टिकत नाही आणि इनलेटकडे त्याचा तुकडा आत ओढला जातो. पॅकिंगची एक बाजू पत्र्याची असेल तर ती मॅनिफोल्डकडे करा: तापल्यावर मॅनिफोल्ड पसरतो, सरकतो, आणि त्याला पत्र्यावरून सरकता आलं पाहिजे.

चढवणं

एकटे असाल तर दोन टोकांच्या स्टडवर मॅनिफोल्ड टांगायला आधी दोऱ्या बांधा. बीड जड असतं आणि हात सुटला तर पॅकिंग चिरडतं. आमच्या घरी हे काम मी आणि धाकटा भाऊ करतो. तो खालून पाइप धरतो आणि वरून मी काय करतोय यावर मत देतो.

क्रम असा. हॉट स्पॉटला नवं पॅकिंग घालून त्याचे बोल्ट नुसते अडकवा. मॅनिफोल्ड स्टडवर चढवा, वॉशर आपापल्या नंबरनं लावा, सगळे नट बोटानं. खालचा सायलेन्सर पाइप नव्या रिंगवर आणून नुसता धरून ठेवा, आवळू नका. आता मधल्या नटांपासून बाहेरच्या दिशेनं, तीन फेऱ्यांत आवळा. टॉर्क पाना असेल तर शेवटची फेरी १५ फूट-पौंडाला, म्हणजे २० न्यूटन-मीटरच्या आसपास. टॉर्क पाना नसेल तर लहान रिंग पाना घ्या आणि मनगटाच्या जोरावर थांबा, खांद्याचा जोर नको. फेस सपाट असेल तर एवढ्यावर धरतं. धरत नसेल तर दोष जोराचा नाही, फेसचा आहे. शेवटी हॉट स्पॉटचे बोल्ट. ते आधी आवळले तर दोन्ही तुकडे एकमेकांना ओढतात आणि हेडवर वाकडे बसतात.

मग पाइप. पुढून मागे जोडत या: मॅनिफोल्डचं तोंड, गिअरबॉक्सजवळचा आधार, मग सायलेन्सर. पाइपचं वजन मॅनिफोल्डवर टांगलेलं राहता कामा नये. इंजिन रबरी माउंटिंगवर डोलतं, पाइप चॅसिसला बांधलेला, आणि दोघांच्या ओढाताणीत मधल्या मध्ये बीड तडकतं. पाइप तोंडाशी येण्यासाठी पहारीनं ओढावा लागत असेल तर तो पाइप कापून, वळवून जुळवून घ्या. माझा जुना पाइप जुन्या मॅनिफोल्डला अलगद बसला. सगळी यातायात केली ती त्यासाठीच.

जागा बघायला घरातली मळलेली कणीक मागून आणा. मॅनिफोल्ड आणि बॉडी, मॅनिफोल्ड आणि स्टिअरिंगचे भाग, पाइप आणि फ्लोअर, जिथे जिथे जवळीक वाटते तिथे गोळा चिकटवा. दुसऱ्याला इंजिन दोन्ही हातांनी हलवायला सांगा आणि मग गोळा किती चेपला ते बघा. वीस मिलिमीटर उरले पाहिजेत. पेट्रोलचा पाइप, ब्रेकचा पाइप, कुठलीही तार याहून जवळ नको. कार्ब्युरेटरखाली पत्र्याची ढाल नसेल तर करून लावा. मे महिन्यात सौंदत्तीकडच्या रस्त्यावर पेट्रोल उकळून गाडी बंद पडली की ढाल का असते ते कळतं. कणीक काढायला विसरू नका. मी एक गोळा विसरलो होतो, आणि चोवीस तास गाडीत भाकरी करपल्याचा वास होता.

सुरू करण्याआधी आणि केल्यावर

गार असतानाच गळती शोधा. व्हॅक्यूम क्लीनरची फुंकायची बाजू मागच्या पाइपात कापड गुंडाळून बसवा, आणि सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी ब्रशनं लावा. बुडबुडे आले तिथे गळती. इंजिन चालू करून हात भाजून घेण्यापेक्षा हे बरं.

मग सुरू करा, उघड्यावर. बंद गॅरेजात कधीही नाही, गळक्या एक्झॉस्टचा कार्बन मोनॉक्साइड वास न येता माणूस मारतो. पहिली पाच-दहा मिनिटं तेल, ग्रीस जळून धूर येईल, घाबरू नका. एक रबरी नळी कानाला लावून दुसरं टोक जोडांवरून फिरवा. गळती असेल तिथे टकटक ऐकू येते. इनलेटच्या बाजूला बाटलीनं पाण्याचा बारीक फवारा मारा, इंजिनचा सूर बदलला तर तिथून हवा ओढली जातेय. पाण्याचा फवारा एक्झॉस्टच्या गरम बीडावर जाऊ देऊ नका. पावसाळ्यात खानापूरच्या पुढे खड्ड्यातलं पाणी उडून तापलेले मॅनिफोल्ड तडकतात ते याच कारणानं. इंजिनाखालचा पत्रा कुणी काढून टाकला असेल तर परत बसवा.

पूर्ण गार झाल्यावर नट परत तपासा. शंभर किलोमीटरनंतर एकदा, पाचशेनंतर एकदा. गरम असताना आवळायचे नाहीत.

मिश्रण मात्र परत लावावं लागतं, कारण आधी गळतीनं हवा शिरत होती म्हणून कुणीतरी पेट्रोल वाढवून ठेवलेलं असतं. एसयू जातीचा कार्ब्युरेटर असेल तर इंजिन तापवून कार्ब्युरेटरचा स्वतःचा पिस्टन, त्याच्या उचलायच्या पिननं, जेमतेम एक मिलिमीटरपर्यंत उचला. इंजिन क्षणभर वर जाऊन पूर्ववत झालं तर मिश्रण बरोबर, वर जाऊन तिथेच राहिलं तर पेट्रोल जास्त, लटपटलं किंवा बंद पडलं तर कमी. एमिशन टेस्टलाही याचा संबंध आहे. भारत स्टेज टूच्या आधीच्या चारचाकी पेट्रोल गाड्यांना कार्बन मोनॉक्साइड ३ टक्के आणि हायड्रोकार्बन १५०० पीपीएम ही हद्द आहे, आणि या जुन्या इंजिनांना ती नीट लावल्यावर गाठता येते.

कागदाचं एक काम राहतं. इंजिन बदललं की त्याचा नंबर आरसीवर चढवावा लागतो. आमची गाडी केए-२२ म्हणजे बेळगावची, इंजिन आलं एमएच-०९ म्हणजे कोल्हापुरातून, त्यामुळे ते कुठून, कुणाकडून घेतलं याची पावती सांभाळून ठेवा. हद्दीपलीकडून आणलेल्या इंजिनाला पावती नसेल तर आरटीओच्या खिडकीवर मराठीत बोला की कन्नडात, उत्तर एकच मिळतं.

गाडी त्यानंतर दोन पावसाळे चोर्ल्यातून गोव्याला जाऊन आली. गेल्या महिन्यात नट तपासले तेव्हा मधल्या स्टडवरचा पायरीचा वॉशर, पंचनं मारलेला २ नंबर वर दिसत, जिथे ठेवला होता तिथेच होता. भावानं तो बघितला आणि विचारलं की नंबर उलटा का मारलास. मी वरून वाकून मारला होता, तो खालून बघत होता.